संगणकाची विसराळू स्मृती



सुटे भाग आणून संगणक घरीच जुळवावा, अशी हौस आम्हांस मध्यंतरी आली. पेटी आली, मदरबोर्ड आला. पण स्मृतीची, म्हणजे रॅमची, पट्टी काही केल्या खोबणीत बसेना! आता जोर करणार, इतक्यात चिरंजीवांनी हात धरला. बोर्ड डीडीआर४ जातीचा आणि आम्ही आणलेली पट्टी डीडीआर५! दोहोंना टोके २८८च; परंतु मधली खाच निराळ्या जागी असते, ती आमच्यासारख्या उतावळ्यांसाठीच. दुकानदाराने पट्टी परत घेतली नाही. त्यास तरी दोष कसा द्यावा? बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका आम्हीच उघडली नव्हती.

एक स्नेही विचारू लागले, "पाचशे गिगाबाइट जागा असता आणखी सोळा कशाला?" अहो, पाचशेचे ते कोठीघर आणि सोळाचा हा स्वयंपाकाचा ओटा! कोठी कितीही भरलेली असली, तरी ओटा वीतभर असेल तर पंगत खोळंबायचीच.

आता ही रॅम विसराळू का, ते पाहू. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांस हिची कल्पना १९६६ साली सुचली. १९६८ साली पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढ्यात एक बिट मावतो. कपॅसिटरात विद्युत्‌भार आहे की नाही, यावरून एक की शून्य ते ठरते. पण हा भार पाझरत्या माठाप्रमाणे सारखा गळतो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते. आपण स्वस्थ बसलो तरी ही पाणक्याची फेरी चालूच! वीज गेली की पाणक्या थांबला, आणि जतन न केलेले आपले लिखाण गेले.

प्रोसेसरच्या पोटातील एसरॅमला ही फेरी लागत नाही. ती फार चपळ; पण एका बिटास बहुधा सहा ट्रान्झिस्टर खाते, म्हणून थोडकीच असते. वीज गेली की तीही विसरते. कोठीघरातील फ्लॅशमध्ये भार विद्युत्‌रोधक थराआड कोंडलेला असतो, म्हणून तो विजेवाचून वर्षानुवर्षे टिकतो. कायमचा मात्र नव्हे.

घेताना सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठाच्या दोन सारख्या घ्याव्या. बोर्डास दोन वाहिन्या असल्यास दोन्हींतून ये-जा होते. कोणत्या खोबणींत बसवाव्या, तेही पुस्तिकेतच असते.

आमची ती डीडीआर५ पट्टी अजून खणात पडून आहे. कोणाचा बोर्ड त्या जातीचा असेल, तर त्यांनी व्याख्यानानंतर आम्हांस अवश्य भेटावे.