शिळा पाव आणि बिघडलेला पाव

गोव्यातील खेड्यापाड्यांत पहाटे व पुन्हा सायंकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजतो, तेव्हा पावसाळ्याच्या दिवसांत गृहिणी नेहमीपेक्षा दोन उंडे अधिकच घेते. उद्या पाऊस कोसळला आणि पोदेर आलाच नाही तर काय, ही तिची चिंता असते. दुसऱ्या दिवशी पोदेर येतो, ताजा पाव घरात येतो आणि कालचा उरतो. मग अशा घरात एक लहानसा प्रसंग घडतो. सुनेच्या हाती कडक झालेला उंडा लागतो. तो दगडासारखा झाला म्हणून ती कोंबड्यांना टाकते. सासूबाईंना पोईवर हिरवट ठिपका दिसतो. त्या तो सुरीने खरवडतात, पोई तव्यावर शेकतात आणि चहाबरोबर नातवापुढे ठेवतात. दोघींचाही हेतू चांगलाच असतो. परंतु जे टाकले ते खाण्याजोगे होते आणि जे खाल्ले ते टाकावयास हवे होते.

शिळा होणे आणि बिघडणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही. पाव सुकला म्हणून कडक होतो, असा सर्वांचाच समज असतो. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ बूसँगो याने १८५२ साली हा समज खोटा ठरविला. पावातील ओलावा बाहेर जाऊ दिला नाही तरी पाव शिळा होतो आणि तोच पाव तापविला की पुन्हा मऊ होतो, असे त्याने दाखवून दिले. भट्टीत पिठातील स्टार्च पाणी शोषून फुगतो व मऊ पडतो. पाव निवाला की त्याचे कण हळूहळू पुन्हा घट्ट रचले जाऊ लागतात. शिळेपणा म्हणतात तो मुख्यतः हाच. त्यात विष नाही, रोग नाही. पाण्याचा हलका हात फिरवून पाव तव्यावर किंवा भट्टीत गरम केला की ही रचना सैल होते. मात्र असा पाव लगेच खाल्ला पाहिजे. पुन्हा निवला तर तो पहिल्यापेक्षाही कडक होतो. ज्यांना तेवढी खटपट नको त्यांनी कांदा-मिरची घालून फोडणीचा पाव करावा. शिळ्या पोळीला जो मान आहे तो शिळ्या पावाला का नसावा?

येथे शीतकपाटाविषयी सांगितले पाहिजे. स्टार्चची ही पुनर्रचना थंडीत, पण गोठणबिंदूच्या वर, सर्वांत वेगाने होते. म्हणून शीतकपाटाच्या नेहमीच्या कप्प्यात ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. उलट बुरशीची वाढ तेथे मंदावते. तेव्हा कोरड्या हवेत एकदोन दिवसांपुरता पाव बाहेरच, कागदात किंवा फडक्यात गुंडाळून ठेवावा. आषाढ-श्रावणात, जेव्हा भिंतींनाही ओल येते, तेव्हा थोडा कडकपणा पत्करून तो आत ठेवणे शहाणपणाचे. अधिक दिवस ठेवावयाचा तर बर्फाच्या कप्प्यात, शून्याखाली १८ अंशांवर ठेवावा. तेथे शिळेपणा व बुरशी ही दोन्ही जवळजवळ थांबतात.

पोलंडमधील ज्यू लोकांचा बेगल नावाचा कड्याच्या आकाराचा पाव आता आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही मिळू लागला आहे. त्याचा उल्लेख क्राकोव शहरातील ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत सापडतो. तो आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग भाजतात. म्हणून वरून चकचकीत व आतून चिवट लागतो. बेगल दुसऱ्याच दिवशी चामड्यासारखा होतो. म्हणून अमेरिकेत तो गोठवून विकण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. घरी ठेवताना तो प्रथम आडवा चिरून मग गोठवावा, म्हणजे लागेल तेवढा अर्धा भाग तसाच भाजता येतो. गोठल्यावर चिरू गेले तर सुरी बोटावर घसरते. गोव्याचे कांकणही कड्याच्याच आकाराचे. पण दोघांचा स्वभाव वेगळा. बेगलात वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी असते. कांकण मुळातच कोरडे व कुरकुरीत, चहात बुडवून खाण्यासाठी केलेले. बुरशीला पाणी हवे, ते कांकणात तिला मिळत नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ते टिकते. पावसाळी हवेने ते नुसते सादळले असेल तर मंद आचेवर शेकले की पुरे.

आता खऱ्या बिघाडाकडे वळू. भट्टीच्या उष्णतेने बुरशीचे बीजाणू मरतात. पाव बाहेर आल्यावर हवेतून, हातांवरून, पाटीतून नवे येऊन बसतात. गरम पाव पिशवीत कोंबला की त्याला घाम सुटतो आणि त्या ओलाव्यात हे बीजाणू रुजतात. कधी हिरवट-राखी ठिपका, कधी पांढरा कापूस, कधी काळे टोकदार केस, क्वचित नारिंगी भुकटी, अशी त्यांची रूपे असतात. पोईच्या बाबतीत डोळे फसतात. तिच्यावर गव्हाचा कोंडा भुरभुरलेला असतो आणि राखी ठिपका त्यात लपून जातो. खसखस लावलेल्या बेगलाचेही तेच. अशा वेळी पाव उजेडात धरावा, खालची बाजू पाहावी, मोडून आतली पोकळी पाहावी. कोंडा बोटाने झटकला की पडतो; बुरशी पुसटते, चिकटते. नाकाशी धरून मात्र हुंगू नये. बीजाणू श्वासात जातात आणि दमेकऱ्याला त्याचा त्रास होतो.

ठिपका खरवडून भागत नाही. दिसतो तो बुरशीचा फुलोरा. तिचे तंतू पावाच्या सच्छिद्र अंगात पुष्कळ आत गेलेले असतात. काही बुरशा विष तयार करतात, आणि ते विष तव्यावरच्या आचेने नाहीसे होत नाही. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल व राजस्थानचा बांसवाडा या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन काविळीची साथ उद्भवली आणि शंभरावर माणसे दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपास केला, तेव्हा त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष आढळले. तो मका लोकांनी अनेक दिवस खाल्ला होता. पोईच्या एका तुकड्याने तसे होईल असे कोणी म्हणत नाही. परंतु कोणती बुरशी विषारी आणि कोणती नाही, हे स्वयंपाकघरात उभे राहून डोळ्यांनी ओळखता येत नाही. बुरशीपासून पेनिसिलिन मिळते, तेव्हा ती औषधीच, हा युक्तिवादही कधीकधी ऐकू येतो. फ्लेमिंगला १९२८ मध्ये जी बुरशी सापडली, तिच्यातून औषध काढावयास शास्त्रज्ञांना पुढे बरीच वर्षे खपावे लागले. पावावरचा ठिपका चाटून ते मिळत नाही.

आणखी एक बिघाड आहे. तो वरून दिसत नाही. काही जंतूंचे बीज इतके चिवट असते की भट्टीतही मरत नाही. उकाड्यात ते पावाच्या गाभ्यात वाढते. पावाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, गाभा चिकट होतो आणि मोडला तर तार सुटते. असा पाव मऊ असतो, म्हणून ताजा वाटतो. तोही टाकावाच. आंबटपणा या जंतूंना मानवत नाही, म्हणून पिठात किंचित व्हिनेगर घालण्याची युक्ती बेकरीवाल्यांना ठाऊक असते.

पावात चोरीस, अंडे किंवा चीज भरले की मग पावाचे नियम संपतात आणि आतल्या पदार्थाचे लागू होतात. तो दोन तासांहून अधिक, कडक उन्हाळ्यात तर तासाहून अधिक, बाहेर राहू देऊ नये. मुलांच्या शाळेच्या डब्यात हीच चूक फार होते.

अन्न टाकणे हे पाप, ही शिकवण गोव्यातील हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत सारखीच आहे, आणि सासूबाईंचा हात सुरीकडे जातो तो त्याच शिकवणीने. त्यांना नावे ठेवून उपयोग नाही. पाव संध्याकाळी पूर्ण निवू द्यावा, मगच झाकावा. दुसऱ्या दिवशी उरेल तो त्याच दिवशी चिरून उन्हात वा भट्टीत खडखडीत वाळवावा आणि त्याचा चुरा बरणीत भरावा. कटलेटांना तो उपयोगी पडतो. बुरशी लागलेला पाव निघालाच, तर तो कोंबड्यांनाही घालू नये, कारण ते विष त्यांनाही बाधते. तो कागदात बांधून टाकावा आणि ज्या डब्यात होता तो डबा गरम पाण्याने धुऊन, व्हिनेगराने पुसून, ऊन असेल त्या दिवशी उघडा वाळवावा. त्याच डब्यात उद्याचे उंडे जावयाचे असतात.