रुग्णालयातली सोबतीण



भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदर बाई नाव नोंदवायला येते, तेव्हा हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्हीचीही तपासणी होते. तिला नीट समजावून, तिची संमती घेऊन होते. बहुतेक जणी निर्धास्त मनानं घरी जातात. मी बोलणार आहे ते उरलेल्या एखाद-दुसरीबद्दल. या बायका संख्येनं थोड्या आहेत, आणि थोड्या आहेत म्हणूनच फार एकट्या आहेत.

औषधाच्या बाजूनं पाहिलं तर आपण फार लांबचा पल्ला गाठला आहे. काहीच उपचार केले नाहीत तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. उपचार नीट घेतले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला, तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापिन या औषधाची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढंच हातात होतं. पुढे बाळाला तेच औषध सहा आठवडे रोज दिलं तर काय होतं, हे इथिओपिया, युगांडा आणि भारतात तपासलं गेलं. भारतातलं काम आपल्या पुण्यात, ससून रुग्णालय आणि बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये झालं. २००८ साली निष्कर्ष आले : सहा आठवड्यांच्या वयाला लागणीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर. त्या अभ्यासात आपल्या भागातल्या गरीब आयांनी आपली तान्ही मुलं घेऊन भाग घेतला होता, हे विसरू नये. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला लगेच आणि आयुष्यभरासाठी एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधं, तीही मोफत, असं धोरण आहे.

मग अडतं कुठं? अडतं ते घरात.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ती माहेरी जाते. रोज एका ठरावीक वेळी घ्यायची गोळी बरोबर न्यायची आहे, आणि सासरी-माहेरी दोन्हीकडे कुणाला कळू द्यायचं नाही. डबी हलली की खुळखुळते, म्हणून बायका तिच्यात कापूस कोंबतात. वरचं लेबल नखानं खरवडून काढतात. सासूनं विचारलं तर, ‘रक्तवाढीची गोळी आहे.’ मग बाळ येतं. त्याला रोज नेविरापिन पाजायचं : अडीच किलोच्या वरचं बाळ असेल तर दिवसातून एकदा दीड मिलिलीटर, किमान सहा आठवडे. घर पाहुण्यांनी भरलेलं, बारशाची गडबड, आणि ही कोपऱ्यात पाठ फिरवून ड्रॉपर धरून बसलेली.

दुधाची गोष्ट तर याहून अवघड. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, दुसरं काही नाही. मध नाही, पाणी नाही, सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही नाही. वरचं आणि अंगावरचं असं मिश्र पाजलं तर धोका वाढतो, हे १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या संशोधनातून पुढे आलं. पण आजी मायेनं बोट मधात बुडवून बाळाच्या तोंडाशी नेते, तेव्हा तिला थांबवायचं कसं? डॉक्टरांच्या कागदावर याचं उत्तर नाही. ते तिच्यापाशी असतं, जिनं आपल्या आईला किंवा सासूला एकदा थांबवलेलं आहे. ‘डॉक्टर म्हणालेत, हल्ली कुणाच्याच बाळाला देत नाहीत,’ हे किती साधं वाक्य आहे! आणि खरंही आहे, कारण सहा महिने फक्त अंगावरचं दूध हा सल्ला सगळ्याच आयांना दिला जातो.

मला आज जे सांगायचं आहे ते हेच. या बाईला रुग्णालयात समुपदेशकाइतकीच एका सोबतिणीची गरज आहे. स्वतः याच वाटेनं गेलेली, गोळ्या घेऊन बाळंत झालेली, आणि जिच्या मुलाची अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली आहे अशी आई. समुपदेशक माहिती देतात, मनापासून देतात. पण ‘माझं मूल वाचेल का?’ या प्रश्नावर टक्केवारी ऐकणं वेगळं आणि ‘माझा मुलगा आता पहिलीत आहे’ हे समोर बसलेल्या बाईच्या तोंडून ऐकणं वेगळं.

केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात २००१ साली मिच बेसर या प्रसूतितज्ज्ञानं हे ओळखलं. त्यांनी अशा आयांना प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्यातच कामाला बसवलं. मदर्स टू मदर्स या नावानं ते काम पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेलं. त्या आयांना पगार मिळतो, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. आपल्याकडे बाईची सेवा फुकट धरायची सवय आहे. सोबतिणीला नेमणुकीचं पत्र हवं, मानधन हवं, प्रवासखर्च हवा.

आता एक रास्त शंका. भोर काय किंवा वेल्हे काय, गावं लहान. एसटीतून उतरल्यापासून दवाखान्यात शिरेपर्यंत चार ओळखीची माणसं भेटतात. केवळ गाठ पडू नये म्हणून जवळचं सोडून ससूनला गोळ्या आणायला जाणारे लोक आहेत. अशा ठिकाणी सोबतिणीशी बोलताना कुणी पाहिलं तरी कुजबुज सुरू होईल. ही भीती खोटी नाही. शिवाय एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू. संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करणं त्यात बेकायदा आहे. म्हणून मला असं वाटतं की भोरच्या सोबतिणीनं वेल्ह्यात बसावं, वेल्ह्याच्या सोबतिणीनं भोरला. आणि तिनं बसावं ते दर महिन्याच्या ९ तारखेला, सुरक्षित मातृत्व अभियानात सगळ्या गरोदर बायका तपासणीला येतात तेव्हा, सगळ्यांशीच बोलायला : लोहाच्या गोळ्या, आहार, स्तनपान. जिला गरज आहे तिला समुपदेशकानं आत विचारावं, ‘एका ताईंची ओळख करून देऊ का?’ ती नको म्हणाली तर विषय तिथंच संपला. सोबतिणीनंही स्वतःबद्दल कुणाला किती सांगायचं, ते तिचं तिनं ठरवावं.

आणखी एका गोष्टीचा मला फार राग येतो. गरोदरपणात तपासणी आधी बाईची होते, म्हणून आजार घरात आधी तिच्या नावावर चढतो. नवरा शिरवळच्या कारखान्यात असो की मुंबईला, त्याची तपासणी नंतर होते, कधी होतही नाही. आणि ही मात्र पांढऱ्या पायाची ठरते. नवऱ्याला तपासणीला कसं आणायचं, कधी बोलायचं, मारहाणीची भीती असेल तर आधी कुणाला सांगून ठेवायचं, हे शहाणपण सोबतिणीजवळ असतं. हिर्डोशी खोऱ्यातली किंवा केळदकडची बाई पावसाळ्यात बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या रक्ततपासणीला आली नाही, तर फोन करून ‘निघालीस का?’ विचारणारंही कुणी हवं. बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब वेळेवर कार्डावर पडले तरच लागण झालेल्या बाळाचे उपचार वेळेत सुरू होतात.

या सभागृहात रुग्ण कल्याण समितीचे सदस्य आहेत, बचत गटांच्या भगिनी आहेत, पंचायत समितीतली मंडळी आहेत. दोन रुग्णालयांसाठी दोन सोबतिणी, एवढीच मागणी आहे. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती घ्या, आणि मानधनाची तरतूद त्याच बैठकीत करा.