जुनी डिझेल जीप आणि रोजचा रस्ता

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील रस्ते एकमेकांचे शेजारी असले, तरी स्वभावानें भिन्न आहेत. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासकडे जाणारा किंवा वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस पोंचणारा रस्ता गाडीच्या दमाची आणि ब्रेकांची परीक्षा पाहतो. तर सांगली, मिरज, तासगांव या बाजूचा सपाट रस्ता काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्याचा ताप आणि उसाच्या वाहनांची गर्दी यांनीं चालकाची सहनशीलता जोखतो. अशा मुलखांत जीपनें घर केलें यांत नवल नाहीं. दुसऱ्या महायुद्धासाठीं अमेरिकेंत निर्माण झालेली ही गाडी १९४७ मध्यें मुंबईस जोडली जाऊं लागली, आणि पुढें तिच्यांत डिझेल इंजिन आलें. सरकारी अधिकारी, डॉक्टर, बागाईतदार आणि खेडोपाडीं माणसें नेणाऱ्या वडापच्या गाड्यांचे मालक, या सर्वांची तिनें सेवा केली. तीच गाडी आज जुन्या बाजारांत एखादा गृहस्थ हौसेनें घेतो, आणि रोज कचेरीस, शाळेस किंवा मळ्यास तिनेंच जावें असें ठरवितो. हा बेत शहाणपणाचा ठरेल कीं घरावर संकट आणील, हें त्यानें पहिला पैसा कशावर खर्च केला यावर अवलंबून असतें.

बहुतेक हौशी माणसें पहिला पैसा रंगावर, दुसरा रुंद टायरांवर आणि तिसरा टपावरच्या दिव्यांवर घालतात. क्रम नेमका उलटा असला पाहिजे. गाडी थांबली पाहिजे, वळली पाहिजे, अंधारांत चालकाला रस्ता दिसला पाहिजे. हें सारें साधल्यावर तिनें धांवावें. मात्र या सर्वांच्या आधीं सांगाडा पाहावा. कमानपाटे सांगाड्यास जेथें जोडलेले असतात, त्या जागा हातोडीनें ठोकून पाहाव्या. खणखणीत आवाजाऐवजीं बद्द आवाज आला, किंवा गंजाचे पापुद्रे गळूं लागले, तर ती गाडी घेऊं नये. इंजिन दुरुस्त होतें. कुजलेला सांगाडा मात्र पुढच्या सर्व खर्चासह बुडतो.

डिझेल इंजिन या मुलखास परकें नाहीं. कूपर यांच्या सातारा रोड येथील कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें बनविण्यास आरंभ केला. १९१० मध्यें वसलेल्या किर्लोस्करवाडीनें तर लोखंडी नांगर आणि पंप यांच्या द्वारें यंत्राची ओळख शेताच्या बांधापर्यंत नेली. त्यामुळें डिझेलचा जाणता मिस्त्री येथें तालुक्याच्या गांवींही भेटतो, हें जुन्या गाडीच्या धन्याचें भाग्यच म्हणावयाचें. परंतु हेंच इंजिन गाडींत बसलें कीं ब्रेकाच्या बाबतींत एक अडचण उत्पन्न होते, ती थोड्यांनाच ठाऊक असते. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर एक झडप असते. तिच्यामुळें आंत निर्वात निर्माण होतो, आणि तो ब्रेक दाबणाऱ्या पायास साहाय्य करतो. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत अशी झडप नसते. तें हवा मोकळेपणानें ओढतें आणि केवळ इंधन कमी-जास्त करतें. म्हणून साहाय्यक ब्रेक असलेल्या गाडीस निराळा निर्वात-पंप लागतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच मागें बसविलेला असतो. दोहोंस फिरविणारा रबरी पट्टा एकच. घाटाच्या उतारावर हा पट्टा तुटला, तर समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागतो. तो दिवा अशा गाडींत ब्रेकाचाही इशारा असतो. कारण थोड्याच वेळांत ब्रेक दगडासारखा कठीण होतो. सबब नवा पट्टा बसवावा आणि दुसरा गाडींत बाळगावा.

याच ओघांत ब्रेकाच्या रबरी नळ्या, चाकांतील सिलिंडर आणि ब्रेकाचें तेल हीं सर्व एकदमच बदलावीं. हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. ओल धरलेलें तेल लांब उतारावर तापून उकळतें, आणि पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. दर दोन वर्षांनीं तें बदललें कीं ही भीति राहत नाहीं. घाट ज्या गिअरांत चढावा त्याच गिअरांत उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

यानंतर सुकाणूची पाळी येते. पुढच्या चाकांचे किंगपिन, सांध्यांचीं टोकें आणि स्टिअरिंगचा डबा यांत झीज असली, म्हणजे गाडी रस्त्यावर आपल्या मनानें हिंडते. ही झीज दूर करण्याऐवजीं पुष्कळ जण मोठाले टायर घालतात, आणि दुखण्यांत भर टाकतात. टायरचा व्यास दहा टक्क्यांनीं वाढला, तर वेगमापक ५० दाखवीत असतां गाडी ५५ च्या वेगानें धांवत असते. शिवाय चाक जड होतें आणि थांबण्यास अंतर अधिक लागतें. कारखान्यानें ठरविलेल्या मापाचाच, डांबरी रस्त्यास मानवणारा टायर रोजच्या गाडीस योग्य होय. चारही चाकांस शक्ति देणारा दांडा चिखलासाठीं आहे. कोरड्या डांबरावर तो जोडून गाडी वळविल्यास आंसांवर अकारण ताण पडतो.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते; हवा मूळ आकारमानाच्या १७ ते २२ पट दाबून तापविली जाते आणि त्या उष्णतेनें इंधन पेटतें. दाब गळका असला कीं महाबळेश्वराच्या पहाटेस गाडी रुसते. ज्या इंजिनांत हीटर प्लग असतात तेथें ते तपासावे. सर्वत्र बॅटरी आणि तिच्या जाड तारा चोख असाव्या. धूर काळा येत असेल, तर आधीं हवेची जाळी साफ करावी आणि मग नोझल व पंप तपासून घ्यावे. रेडिएटर उलट्या बाजूनें पाणी सोडून धुवावा. सांगलीच्या वैशाखांत हेडगॅस्केट जळतें तें बहुधा याच आळसापायीं. पुराच्या दिवसांत अधिक सावध राहावें. २०१९ आणि २०२१ या वर्षीं कृष्णेनें सांगलींत पाणी कोठवर चढतें तें दाखविलें. हवेच्या वाटेनें पाणी आंत शिरलें असेल, तर इंजिन फिरवूंच नये. पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्याचा दांडा मात्र वांकतो.

दिव्यांचा विषय या भागांत जीवन-मरणाचा आहे. गळीत हंगामांत उसानें भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात, आणि कित्येकांच्या पाठीमागें लाल परावर्तकही नसतो. जुन्या जीपचे दिवे मंद दिसतात याचें कारण पुष्कळदा दिव्यांत नसतें. झिजलेला खटका आणि बारीक तार यांतच विजेचा दाब खर्ची पडतो. बॅटरीपासून जाड तार आणून मध्यें रिले बसविला, कीं तेच दिवे उजळतात. खर्च थोडा, आणि लाभ प्राणांचा.

आतां वेगाविषयीं. विलीस घराण्याच्या पुष्कळ जुन्या जीपांत मागल्या आंसाचें प्रमाण ५.३८ असें असे. म्हणजे सरळ गिअरांत चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे ५.३८ फेरे. मूळ मापाच्या चाकावर ताशीं ६० किलोमीटर वेगास इंजिन मिनिटास सुमारें २४०० फेरे घेतें, आणि ८० ला ३२०० च्या घरांत जातें. जुन्या डिझेल इंजिनाचें सुख या आंकड्यापूर्वींच संपतें. यावर उपाय कारागिराजवळ कमी आणि चालकाजवळ अधिक आहे: ताशीं ५५-६० ची चाल मनापासून मान्य करणें. इंजिनाखालचीं रबरें नवीं बसवून आणि फरशीवर जाड नमदा घालून आवाज बराच कमी होतो. ज्यास दररोज महामार्गानें पुण्यास जाऊन यावयाचें आहे, त्यानें ही गाडी घेऊंच नये. ज्याचें काम वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आंत आहे, त्यास ती मानवेल.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून भागत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी दाखवून ती नवी करावी लागते, आणि महाराष्ट्रांत पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणीपत्रांतील मूळ रचनेशीं विसंगत असा फेरफार चालणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलें आहे. इंजिन बदलावयाचें तर परिवहन कार्यालयाची अनुमति आधीं घ्यावी, मागून नव्हे. अपघात झाला म्हणजे विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथें घडलेली एक गोष्ट या संदर्भांत ध्यानीं ठेवण्यासारखी आहे. तेथील एका कारागिरानें भंगारांतील भाग जोडून, दुचाकीप्रमाणें पायानें सुरू होणारी एक लहानशी गाडी तयार केली. २०२१ च्या डिसेंबरांत उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिचें मनापासून कौतुक केलें. पण ती नियमांत बसत नसल्यानें अधिकारी आज ना उद्यां ती अडवितील, असेंही लिहिलें, आणि तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती अदलाबदल झाली. कारागिराच्या बुद्धीचा तो योग्य गौरव होता. परंतु बुद्धीचा गौरव निराळा आणि रस्त्यावरची पात्रता निराळी, हेंही त्यांत आलें.

शेवटीं घरच्या माणसांचा विचार. जुन्या जीपच्या मागील बाकांवर माणसें एकमेकांकडे तोंड करून, आडवीं बसतात; तेथें बहुधा पट्टे नसतात, आणि आघात झाला कीं बसणाऱ्यास आधार कसलाच नसतो. घाटांत मुलांना तेथें बसवूं नये. पुढल्या दोन आसनांना मात्र मजबूत पट्टे अवश्य असावे. खर्चाचा हिशेब मांडतांना गृहस्थानें एकच कसोटी लावावी: आषाढाच्या पावसांत, दिवेलागणीच्या वेळीं, घरच्या दुसऱ्या कोणीही ही गाडी घाट उतरून घरीं आणली, तर त्याच्या जिवास घोर लागेल कीं नाहीं? घोर लागत असेल, तर अद्याप काम शिल्लक आहे असें समजावें आणि गाडी पुन्हां मिस्त्रीकडे न्यावी. रंग त्यानंतर द्यावा.