कातडं तासणारी गारगोटी

अश्मयुग म्हटलं की डोळ्यांपुढे भाला घेतलेला शिकारी येतो. पण उत्खननांत जागोजागी सापडतात त्या एका टोकाला गोलसर धार काढलेल्या छोट्या दगडी तासण्या. त्यांतल्या कितीतरी कातडं साफ करण्यासाठी वापरल्या गेल्या.

हे कळलं कसं? सोव्हिएत संशोधक सर्गेई सेम्योनोव्ह यांनी अशा धारा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या; १९५७ साली त्यांचा ग्रंथ आला. कातड्यावर घासलेली धार गोलावते, तिच्यावर बारीक ओरखडे उठतात. लाकूड तासलं तर झिलई वेगळी येते.

याहून बोलका पुरावा दक्षिण इथिओपियातला. तिथल्या कोन्सो समाजातल्या स्त्रिया अगदी अलीकडच्या दशकांतही गारगोटीच्या तासण्या स्वतः घडवत, लाकडी मुठीत बसवत आणि गुरांचं कातडं खरवडत. धार गेली की बारीकशी कपची उडवायची, पुन्हा कामाला लागायचं. असं करता करता तासणी आखूड होते, मग टाकून देतात. म्हणजे आपल्या हाती लागतात त्या बहुतेक अशा झिजलेल्याच! आणि दगडी हत्यारं घडवणारा पुरुषच, हे आपण किती सहज गृहीत धरलं होतं. कोन्सो मुली हे कसब घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून शिकत आल्या आहेत.