आधी चढाचं बोला

माउंटन बाइक घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो, गिअर किती? आणि लगेच पुढचं, शॉकअप पुढे-मागे दोन्हीकडे आहे ना? माझं म्हणणं, घरून निघण्याआधी स्वतःलाच एक विचारून घ्यावं: डोंगर मी पायडल मारत चढणार आहे, की कुणी मला वर नेऊन सोडणार आहे?

प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण ही सायकल जन्मली तीच उतारावर. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ, काही तरुण १९३०-४०च्या जमान्यातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्यानं खाली सुटायचे. १९७६च्या ऑक्टोबरपासून त्यांनी घड्याळ लावून शर्यती सुरू केल्या. अंतर साधारण साडेतीन किलोमीटर, उतार जवळजवळ चारशे मीटर. ब्रेक म्हणजे पायडल उलटं दाबलं की मागचं चाक धरणारा. खाली पोचेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा, की पुन्हा हब उघडा आणि नवं ग्रीस भरा. वर जाताना मात्र हे बहाद्दर सायकली ट्रकमध्ये टाकत, नाहीतर ढकलत नेत. ते जड धूड पायडल मारून चढवणं कुणाला झेपणार? पुढे त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं १९७७-७८मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधल्या, गॅरी फिशर, टॉम रिची यांनीही हात घातला, चांगले गिअर आले, आणि चढही सायकलच्या आवाक्यात आला.

चढ आणि उतार यांची ही वाटणी आजही चालू आहे. कॅनडातल्या व्हिसलरला बर्फ वितळल्यावर पाळण्यातून माणूस आणि सायकल दोघांनाही डोंगरावर नेतात. तिथली डाउनहिल सायकल पाहा: पुढे-मागे सुमारे २०० मिलिमीटर दबणारे शॉक, आणि पुढचं चाक धरणारा चिमटा इतका तिरका की ते चाक स्वारापासून चांगलं लांब. त्यामुळे कड्यासारख्या उतारावरही माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती कमी. मात्र हीच सायकल सिंहगडाच्या घाटात आणा. सावकाश चढताना तेच लांब गेलेलं चाक डावी-उजवीकडे भरकटत राहतं, आणि वजन वेगळंच.

याच्या दुसऱ्या टोकाला क्रॉसकंट्री सायकल. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइक पहिल्यांदा आली ती या प्रकारात. इथे चढही आपलाच, उतारही आपलाच. शॉक शंभर ते एकशेवीस मिलिमीटर, वजन कमी, चिमटा उभट. मधल्या जागेत ट्रेल आणि एंड्युरो. ट्रेल सायकल चढही निमूटपणे चढते आणि उतारावर थोडी मस्तीही करू देते. एंड्युरोवाल्याला चढ फक्त वर पोचण्यापुरता हवा असतो.

आपल्या सह्याद्रीत पाळणा नाही. टेम्पो ठरवणारी मित्रमंडळी असली तर गोष्ट वेगळी, नाहीतर जेवढं उतरायचं तेवढं आधी चढायचं. शिवाय आपल्यातल्या बहुतेकांची माउंटन बाइक आठवड्याचे पाच दिवस खड्ड्यांच्या डांबरी रस्त्यावर असते आणि रविवारी एखाद्या टेकडीवरच्या मुरमाडावर. अशा स्वाराला मागचा शॉक कशाला? पुढे शंभर मिलिमीटरचा, चढावर कुलूप लावता येणारा शॉक असला की पुष्कळ झालं.

मागच्या शॉकवर माझा विशेष राग आहे, पण तो स्वस्त शॉकवर. चांगल्या मागच्या शॉकमध्ये बहुधा हवा आणि तेल असतं. तेलामुळे दबलेला शॉक सावकाश परततो, आणि हवा आपल्या वजनानुसार कमी-जास्त करता येते. तो महाग असतो आणि असायलाच हवा. पंधरा हजारांच्या सायकलला मागे लावलेली ती रंगीत स्प्रिंग मात्र नुसती स्प्रिंग असते. प्रत्येक पायडलला सायकल खालीवर होते, आणि चाकाकडे जायचा तुमचा जोर स्प्रिंग खाऊन टाकते. वर सांधे वाढतात, ते काही दिवसांत कुरकुरायला लागतात. शेजारच्या पोरांत मात्र तिचा भाव असतो, हे कबूल.

चाकांचा वाद मी फार वाढवत नाही. एकोणतीस इंची चाक दगडगोट्यांवरून सहज जातं, साडेसत्तावीस इंची चाक अरुंद वळणावर चपळ वळतं, आणि बुटक्या माणसाला तेच बरं पडतं. मागचा शॉक टाळून वाचलेले पैसे हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवर घाला. घाटात एका बोटानं सायकल थांबते. पावसाळ्यात चिखलातून जाणार असाल तर टायर आणि फ्रेम यांच्यात फट किती आहे तेही बघा. लाल माती तिथे अडकली की चाक फिरायचंच थांबतं.

आणि दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून पैसे मोजू नका. जवळपासचा उभा चढ शोधा. सर्वांत हलक्या गिअरवर, सीटवर बसूनच चढा. पुढचं चाक उचलायला लागलं, तर सीट थोडी पुढे घेऊन पुन्हा चढून बघा. तरीही उचलत असेल, तर दुकानदाराला दुसऱ्या मापाची फ्रेम काढायला सांगा.