दुसऱ्याचे धन आणि नगरसभा

नगरसभेचे काम म्हणजे गटारे, दिवे आणि रस्ते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांचे भाग बाळगावेत की नाहीत, खनिज तेलाच्या कंपन्यांतील पैसा काढून घ्यावा की नाही, असले प्रश्न लोकसभेत शोभतात. नगरसभेला त्यांची उठाठेव कशाला, असे कोणीही म्हणेल. परंतु इंग्लंडमधील स्थानिक परिषदांच्या सभांत गेली काही वर्षे हे प्रश्न वारंवार निघत आहेत, आणि तेही बसगाड्यांच्या व खड्ड्यांच्या प्रश्नांशेजारी. ही सरमिसळ विचित्र दिसली तरी तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

ब्रिटनमध्ये शिक्षकांचे आणि मुलकी नोकरांचे निवृत्तिवेतन चालू उत्पन्नातून दिले जाते. त्यासाठी निराळी गंगाजळी नाही. परिषदांच्या नोकरांची व्यवस्था वेगळी आहे. त्यांची आणि परिषदेची वर्गणी एका निधीत साठते व गुंतविली जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२४ साली असे ८६ निधी होते; त्यांच्या सभासदांची संख्या ६० लाखांहून अधिक, आणि मालमत्ता ३९० अब्ज पौंडांच्या घरात होती. एवढा पैसा जगभर पसरला म्हणजे त्यात कोठे तरी तोफा, तंबाखू आणि तेल आलेच. २०१६ साली लंडनमधील वॉल्थम फॉरेस्टच्या निधीने खनिज इंधनांतील गुंतवणूक टप्प्याटप्प्याने मोडण्याचे ठरविले. इतर परिषदांतही तशा मागण्या पुढे आल्या.

येथे खरा प्रश्न असा की, हा पैसा कोणाचा? १९८४ साली खाणकामगारांचे पुढारी आर्थर स्कारगिल आपल्या निवृत्तिवेतन निधीचे विश्वस्त असताना, परदेशात आणि कोळशाशी स्पर्धा करणाऱ्या इंधनांत पैसा गुंतवू नये, असा आग्रह धरून बसले. न्यायमूर्ती मेगरी यांनी निर्णय दिला की, विश्वस्ताने स्वतःची मते बाजूस ठेवून लाभार्थींचे हित, म्हणजे सामान्यतः त्यांचे आर्थिक हित, पाहिले पाहिजे. पुढे २०१४ साली तेथील विधी आयोगाने या नियमात माणुसकीला थोडी जागा करून दिली. सभासदांनाही तसेच वाटत असावे असे मानण्यास सबळ कारण असेल आणि निधीचे मोठे नुकसान होण्याचा धोका नसेल, तर नैतिक विचार करण्यास हरकत नाही, असे आयोगाने म्हटले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: परराष्ट्रधोरणाशी विसंगत असे बहिष्कार निधींनी घालू नयेत, अशी मार्गदर्शिका काढण्याचा अधिकार तेव्हाच्या कायद्याने मंत्र्यांना दिलेला नव्हता.

म्हणजे सद्सद्विवेकाला वाव आहे. पण दोन अटींवर. धन्याला विचारा आणि हिशेब करा. ठराव मांडणाऱ्याला या अटी जाचक वाटतात. सरकारी नोकरीत दुसऱ्याचा पैसा हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्या नीतीचाच भाग वाटतात. दुसऱ्याच्या खर्चाने दाखविलेले औदार्य हे औदार्य नव्हेच.

शिवाय या निधीचे आणि रस्त्यांचे नाते दिसते त्याहून जवळचे आहे. निवृत्तिवेतनाची रक्कम कायद्याने ठरलेली असते. दर तीन वर्षांनी निधीचे मूल्यमापन होते. तूट आढळली तर निवृत्तांच्या वेतनाला धक्का लागत नाही, परिषदेची वर्गणी वाढते. ती वर्गणी ज्या तिजोरीतून जाते, तिच्यातूनच बसला अनुदान आणि खड्ड्याला डांबर मिळते.

बसची कथा अशी. १९८५ च्या कायद्यानुसार, लंडन वगळता, १९८६ पासून बसवाहतूक खुली झाली. फायद्याचे मार्ग कंपन्यांनी घेतले. तोट्याच्या पण गरजेच्या मार्गांना परिषद अनुदान देते आणि पैसा आटला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. मँचेस्टर महानगराने २०२३ पासून आरंभ करून २०२५ च्या जानेवारीपर्यंत आपल्या बसगाड्या पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. रस्त्यांविषयी १९८० च्या कायद्याने परिषदांवर दुरुस्तीचे कर्तव्य लादले आहे. भेगेत पाणी शिरते, गोठून फुगते, आणि हिवाळ्याअखेर खड्डा पडतो. पण सर्व खड्डे एकदम बुजविता येत नाहीत. कोणता आधी, हे ठरवावे लागते.

या ठरविण्यातही नीती आहे, हे मात्र सभेत क्वचितच कोणाला जाणवते. दूरच्या युद्धावरील ठरावाला सज्जा श्रोत्यांनी भरतो. शेवटची बस बंद झाल्यामुळे रात्रपाळीहून पायी परतणारी परिचारिका त्या सज्जात नसते. ज्या वस्तीतून तक्रारअर्ज येतात तिचा रस्ता आधी होतो. जिला अर्ज लिहिता येत नाही तिचा राहून जातो. शस्त्रांच्या पैशाबद्दल जो विवेक जागा होतो, तो डांबराच्या क्रमवारीपाशी झोपी जात असेल, तर त्याच्या जागेपणाबद्दल शंका घ्यावी लागेल.

आपल्याला हा विचार परका नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्यास त्यांनी विरोध केला आणि ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असे सुचविले. रक्कम लहान होती; प्रश्न तोच होता. पैसा कोणाचा, तो कोणाला विचारून खर्च होतो आणि त्याची झळ कोणाला लागते? निधीतील समभाग असोत की गल्लीतील खड्डा, हे तीन प्रश्न जी नगरसभा विचारते, तिने आपले काम ओळखले असे म्हणावे.