नवविवाहित जवानाचे शिक्षण : दोघांची परीक्षा



लष्करातील तांत्रिक शिक्षण हा विषय सौदी अरेबियातील आपल्या मेळाव्यात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. जुबैल, दम्माम, यांबू येथे राबणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा धाकटा भाऊ, पुतण्या, भाचा किंवा जावई सैन्यात अथवा निमलष्करी दलात आहे. त्याच्या लग्नाचा खर्च आपण उचलतो आणि म्हणून लग्नाची तारीखही आपल्याच रजेवर ठरते. काका दोन वर्षांनी महिनाभरासाठी येणार, तेव्हा त्याच महिन्यात मुलाचे लग्न उरकून घ्यावे, असा घरात आग्रह होतो. आठ दिवसांत हळद उतरते, पंधराव्या दिवशी मुलगा प्रशिक्षणाला निघतो आणि नवी सून अनोळखी घरात उरते. या दोघांविषयी आणि त्यांच्याविषयीच्या आपल्या जबाबदारीविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

प्रथम कायद्याची बाब. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. तीनुसार भरती होणारा अग्निवीर अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षांच्या सेवाकाळात त्याला लग्न करता येत नाही. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवानांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. शिवाय एकवीस वर्षांखालील मुलाचे आणि अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न हा कायद्याने बालविवाह ठरतो. तेव्हा भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचे लग्न उरकणे अथवा झालेले लग्न लपवून त्याला भरतीस धाडणे, म्हणजे त्याची नोकरी आपल्याच हाताने घालविणे होय. काकांची रजा पुन्हा येईल. मुलाचे भरतीचे वय पुन्हा येणार नाही.

तथापि आपला विषय त्यांच्यापुरता नाही. जुन्या नियमांनी भरती झालेले आणि आता विवाहित असलेले जवान आपल्या धंद्याच्या वरच्या शिक्षणासाठी पुन्हा वर्गात बसतात. निमलष्करी दलांत रेडिओ ऑपरेटर, रेडिओ मेकॅनिक म्हणून लागणाऱ्या मुलांतही नवविवाहित असतात. सिकंदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या लष्करी महाविद्यालयात, पुण्याजवळ दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर, महूच्या दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयात असे शिक्षण चालते. महू ही आपल्याला बाबासाहेबांच्या जन्माने पवित्र झालेली भूमी. तेथील छावणीत सुभेदार रामजी यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले, आणि त्याच गावात आज सैन्याचे दूरसंचार शिकविले जाते.

हे शिक्षण खडतर असते. पहाटे कवायत, दिवसभर वर्ग आणि कार्यशाळा, रात्री अभ्यास. यंत्राची जोडणी, विजेची मंडले, गणित, इंग्रजी पुस्तिका हे सारे ठरलेल्या आठवड्यांत आत्मसात करावे लागते. जो मागे पडतो तो ‘रेलिगेट’ होतो, म्हणजे मागच्या तुकडीत ढकलला जातो. मनगटात बळ असूनही मुले येथे अडखळतात, कारण मन घरी अडकलेले असते. रात्री फोनवर आई सुनेविषयी तक्रार करते, सून सासूविषयी रडते आणि सकाळी त्याची चाचणी असते.

या प्रसंगी आपल्या इतिहासातील एक जोडपे आठवावे. रामजी सकपाळ आणि भीमाबाई. भीमाबाईंचे माहेर मुरबाडचे, लष्करी हुद्देदारांचे आणि त्या मानाने सुस्थितीतले. रामजी मात्र सैन्यात नवे, पगार तुटपुंजा. पतीकडून येणाऱ्या पैशांत भागेना, तेव्हा मानी भीमाबाईंनी माहेरी हात न पसरता सांताक्रूझला रस्त्यावर खडी पसरण्याचे काम केले, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. रामजी पुढे पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, शिक्षक झाले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्या विद्येच्या जोरावर त्यांनी आपल्या मुलांना घडविले. रामजींच्या शिक्षणाचा गौरव आपण करतो. त्या खडीचाही केला पाहिजे.

पुढच्या पिढीतही तेच घडले. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला गेले. मागे रमाईंनी दारिद्र्य सोसले, लेकरांचे मृत्यू सोसले. १९४० साली प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. पती शिकत असतो तेव्हा त्या शिक्षणाची किंमत पत्नी मोजीत असते, हे त्यांनी जगासमोर मान्य केले.

परंतु येथे आम्ही सावधगिरीचा एक शब्द सांगू इच्छितो. भीमाबाई आणि रमाई यांचा त्याग सांगून आजच्या सुनेकडून तसाच त्याग मागणे हा त्यांचा सन्मान नव्हे. ज्या घरात त्या काळी काहीच नव्हते, तेथे त्याग अटळ होता. आज आपल्या घरात रियाल येतात. आज सुनेला खडी पसरावी लागू नये, तसेच सासरी बिनपगारी मोलकरीणही व्हावे लागू नये. नवरा शिकत असताना तिनेही शिकावे. बारावी झाली असेल तर पदवी घ्यावी. रोज महाविद्यालयात जाणे शक्य नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. दोघांची परीक्षा एकाच वर्षी असली, तर फोनवर तक्रारींऐवजी अभ्यास निघेल.

तरुण जवानांना आमचे सांगणे असे. लग्न झाल्याबरोबर त्याची नोंदणी करा. आपला विवाह बौद्ध पद्धतीने झाला तरी नोंदणीचा दाखला हवाच. तो दाखला युनिटच्या कार्यालयात देऊन लग्नाची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये करवून घ्या. ही नोंद राहिली तर पत्नीच्या हक्कांसाठी, प्रसंगी निवृत्तिवेतनासाठी, तिलाच दारोदार फिरावे लागते. तिच्या नावे स्वतंत्र बँक खाते उघडा आणि घरखर्चाचा वाटा थेट तिच्या हाती जाऊ द्या. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात पतीची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत घराचा अधिकार पत्नीकडे सोपविणे हे एक आहे. प्रशिक्षण केंद्रात मोबाईल वाटेल तेव्हा वापरता येत नाही, हे तिला आधीच समजावून सांगा; म्हणजे फोन आला नाही तर ती भलता अर्थ काढणार नाही. बोलण्याचा वार ठरवा आणि आठवड्यास एक पत्र लिहा. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येते. दमलेल्या मनाने दारूच्या आश्रयास जाऊ नका. पंचशीलाचे पाचवे शील बराकीतही तेच असते.

आणि वडीलधाऱ्यांनो, आता आपल्याविषयी. विरह म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. १९८० च्या दशकात आपण ध्वनिफितीवर आवाज भरून, गावी निघालेल्याच्या हाती ती पाठवीत असू. जुलै २०१७ पासून येथे अवलंबितांवर मासिक शुल्क लागू झाले, तेव्हा कित्येकांना बायकामुले परत पाठवावी लागली. दूर असलेल्या माणसाला घरची प्रत्येक कुरबूर कळविली तर त्याचे काय होते, हे आपण जाणतो. मग तीच कुरबूर आपण जुबैलहून त्या पोराच्या कानी का घालावी? सुनेला सहा महिन्यांत ‘गोड बातमी’ का विचारावी? आपण इतकेच करावे : लग्नाची तारीख आपल्या रजेवर नव्हे, त्याच्या प्रशिक्षणाच्या समाप्तीवर ठरवावी. आहेर व मंडपावरचा खर्च आटोपशीर ठेवून ती रक्कम सुनेच्या शिक्षणासाठी ठेवावी. आपण स्वतः लग्नाला पोहोचलो नाही, तरी चालेल.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सैन्यासाठी आणि युद्धसाहित्याच्या कारखान्यांसाठी कारागीर घडविणारी तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्या वेळी त्यांच्याच खात्याकडे होती. ज्या समाजाला हत्यार आणि अवजार दोन्ही नाकारली गेली, त्या समाजाची मुले आज रडार दुरुस्त करतात, ही सामान्य गोष्ट नाही. पण एका घरात एक शिकला आणि एक झिजली, तर ते घर अर्धेच पुढे गेले असे आम्ही मानतो. या दोघांना दोन वर्षे निर्वेधपणे शिकू द्या, एवढीच आपणा सर्वांना विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!